आत्याबाईचे कान

प्रयोगशाळेत तिला सगळे थोरली म्हणत. संशोधन करणाऱ्या बाकी मुलांपेक्षा ती निदान पंधरा वर्षांनी मोठी होती. डिप्लोमाच्या वर्गांना यंत्रांविषयी शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मग वडिलांचं आजारपण आलं. ते गेल्यावर, ज्या वयात बाकीचे गुडघ्यांबद्दल बोलू लागतात, त्या वयात तिनं पीएचडीला नाव घातलं. आई एवढंच म्हणाली, "वरातीमागून का होईना, घोडं निघालं."

थोरलीचं काम आवाजाचं होतं. यंत्राचा फिरता दांडा ज्या बेअरिंगमध्ये बसतो, ती झिजू लागली की तिच्या आवाजात बारीकसा फरक पडतो. माणसाच्या कानाला तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तो आधीच ओळखणारी एक पेटी थोरली तयार करत होती. पेटीला एक माइक, एक हिरवा दिवा, एक लाल. चांगल्या आणि झिजलेल्या बेअरिंगचे हजारो आवाज ऐकवून पेटीला शिकवायचं, की हा निरोगी आणि ही कुरकुर. प्रयोगशाळेत झिजलेल्या आवाजाला 'कुरकुर' हाच शब्द रुळला होता.

पेटीचं नाव जावयानं ठेवलं. जावई म्हणजे शेजारच्या टेबलावरचा संशोधक. स्वतःचा चहाचा कप त्यानं कधी विसळला नाही म्हणून तो जावई. तो म्हणाला, "सगळ्यांच्या दाराला कान लावायचे आणि कोण कुरकुरतंय ते गावभर सांगायचं. ही पेटी नव्हे, ही आत्याबाई!"

आत्याबाई हुशार निघाली. शंभरातले सत्त्याण्णव आवाज ती बरोबर ओळखू लागली. आता कागदाच्या एका कारखान्यात तिची शेवटची चाचणी व्हायची होती. ती पार पडली की सर प्रबंधावर सही करणार होते. थोरलीनं एकदा मुदत वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा मागितली तर विद्यापीठ नाव काढून टाकण्याची शक्यताच जास्त.

चाचणीच्या आधीच्या रविवारी ती घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. कारखान्याच्या लोकांना ऐकवायला काही आवाज निवडत होती. समोर आई मटार सोलत होती.

"कमी कर गं तो आवाज. दात शिवशिवतात माझे."

"झिजलेली बेअरिंग आहे आई. ती अशीच ओरडते."

"ओरडू दे. पण तू मध्ये कशाला गातेस?"

"मी कुठं गातेय?"

"आत्ता नाही. त्याच्यात." आईनं हातातली शेंग लॅपटॉपकडे रोखली. "तुझ्या बाबांची दाढी करतानाची चाल. ती वर जाते तिथं तू घसरतेस. हे बघ, घसरलीस."

थोरलीनं हेडफोन लावले. किरकिरीच्या तळाशी, गाळात रुतलेल्या दोरीसारखा, एक खरखरीत सूर होता. तो तिचाच होता. तिनं दुसरा आवाज लावला, तिसरा लावला. झिजलेल्या बेअरिंगच्या जवळजवळ प्रत्येक आवाजात ती होती. चांगल्या बेअरिंगच्या एकाही आवाजात नव्हती.

कुठला आवाज कधी टिपला, ती वही तिनं उघडली.

चांगल्या बेअरिंगचे आवाज तिनं कामाच्या दिवशी, भरल्या प्रयोगशाळेत टिपले होते. झिजलेल्यांचा कर्कशपणा कुणाला सोसत नसे, म्हणून त्या ती सुट्टीच्या दिवशी एकटीनं चालवायची. आणि एकटी असली की ती गुणगुणायची. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला समूहगीताच्या मागच्या ओळीत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून माणसांत तिनं नुसते ओठच हलवले होते. सूर उरला तो रिकाम्या खोल्यांसाठी. त्या रिकाम्या खोलीत माइक चालू होता, हे माइक लावणारीच विसरली होती.

सोमवारी सकाळी तिनं जावयाला दार लावायला सांगितलं. चांगली बेअरिंग फिरवली. हिरवा दिवा लागला. मग दिव्याकडे पाठ करून ती हळूच गुणगुणली.

"अगं ताई, लाल!" जावई हसत सुटला. "आत्याबाईला तुझं गाणं नाही आवडत!"

मग तिनं झिजलेली बेअरिंग लावली आणि तोंड मिटून उभी राहिली. बेअरिंग कोकलत होती आणि दिवा शांतपणे हिरवा होता. जावयाचं हसू ओसरलं.

"म्हणजे ती बेअरिंग ऐकतच नव्हती?"

"ती मला ऐकत होती. मी आहे म्हणजे कुरकुर, मी नाही म्हणजे सगळं आलबेल."

जावई खुर्चीत बसला, पुन्हा उठला. मग दिव्याकडे बघत म्हणाला, "ताई, रागावू नकोस. कारखान्यानं गेल्याच महिन्यात सगळ्या बेअरिंग नव्या बसवल्यात. चाचणीभर हिरवाच दिवा लागायला हवा, आणि तो लागेलही. तू फक्त गप्प राहा. सही होऊ दे, मग निवांत दुरुस्त कर."

तो वाईट माणूस नव्हता, आणि त्याचं म्हणणं खरंही होतं. थोरली खिडकीपाशी गेली. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. कारखान्यातले कागद दाबत फिरणारे ते माणसाच्या उंचीचे रूळ तिच्या डोळ्यांपुढे आले, आणि हिरव्या दिव्याच्या भरवशावर त्यांच्याजवळ वाकणारी माणसं.

"गप्प राहण्याचाच सराव आहे रे मला," ती म्हणाली आणि पेटी उचलून सरांच्या खोलीकडे निघाली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "दाखवा," म्हणाले.

हे तिनं गृहीत धरलं नव्हतं. चूक सांगणं एक वेळ सोपं, पण सरांसमोर गायचं? पहिला सूर निघालाच नाही. दुसरा निघाला तो दाराच्या बिजागरीसारखा. लाल दिवा लागला. वरच्या जागी ती नेहमीसारखी घसरली, तरी दिवा लालच राहिला.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चाल छान आहे," ते म्हणाले. "कारखान्याला मी कळवतो. मुदतवाढीसाठी अर्ज करा, शिफारस मी देतो. मिळेलच असं मात्र म्हणत नाही."

"माहीत आहे सर."

विद्यापीठानं बरीच कुरकुर करून सहा महिने दिले. शेवटचे, असं बजावून. कारखान्याच्या मेंटेनन्सच्या साहेबांनी ऐकलं तेव्हा आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बाई, उद्या रूळ अडकल्यावर सांगण्यापेक्षा आज सांगितलंत. या, इथंच शिकवा तिला. आमच्याकडे गोंगाटाला तोटा नाही."

थोरली पुन्हा पहिल्यापासून आवाज टिपू लागली. या वेळी कारखान्यानं काढून ठेवलेल्या जुन्या झिजलेल्या बेअरिंग पुन्हा चढवून त्यांच्यापाशी ती गुणगुणली, तशीच नव्या बेअरिंगपाशीही. दोन्हींपाशी कधी मुद्दाम गप्पही राहिली. हे गाणं म्हणजे काहीच नव्हे, हे आत्याबाईला कळायला हवं होतं. कामगारांनाही तिनं सांगितलं, बोला, खोका, शिट्ट्या मारा, पण सगळ्या बेअरिंगपाशी सारखं. पहिल्या दिवशी तिचे कान लाल झाले. एक जण ओरडला, "बाई, जरा मोठ्यानं, पलीकडे ऐकू येत नाही!" आठवड्याभरात त्याच्याच तोंडात तिच्या बाबांची चाल बसली, आणि तोही नेमका तिच्याच जागी घसरायचा.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी नव्या बेअरिंगच्या रांगेत एक झिजलेली बसवली आणि कुठली ते कुणालाच सांगितलं नाही. थोरली पेटी घेऊन एकेका बेअरिंगपाशी थांबू लागली, मागे नोंदीची वही घेऊन जावई. ती गुणगुणत होती. हिरवा. हिरवा. तिचा सूर वर चढला, घसरला, दिवा हिरवाच. पुढच्या बेअरिंगपाशी तिच्या कानाला काहीसुद्धा वेगळं लागलं नाही. दिवा लाल झाला.

साहेबांनी जावयाकडे पाहिलं. "हीच," ते म्हणाले.

ती घरी आली तेव्हा तिनं चपला काढायच्या आत आईनं विचारलं, "झाली का पास तुझी आत्याबाई?"

"झाली. सगळे आवाज धरून शंभरात अठ्ठ्याऐंशी. सर सही करणार आहेत."

"अठ्ठ्याऐंशी? आधी तर सत्त्याण्णव होते ना?"

"आधी माझं बघून कॉपी करत होती गं," थोरली म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवता ठेवता गुणगुणू लागली.

"तिथं वर घे जरा," आई बाहेरून म्हणाली.