मानेवरची कोरडी जागा

दगडूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या माझ्या ऑफिसात होतो. पलीकडून त्यांची मुलगी वैशाली बोलत होती. दिल्लीत वाढलेली पोर, मराठी बोलताना मध्येच अडते. "दादा, पापा गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले आणि... बस." मी "निघालोच" म्हणालो आणि हात आपोआप मानेमागे गेला. चारच दिवसांपूर्वी काकांनी ती मान साफ केली होती, बारीक खुंट नुकते कुठं वर येत होते. त्या खुंटांवरून बोट फिरवत मी दहा मिनिटं तसाच उभा राहिलो. लिफ्टसमोर लोक बघत होते, बघू देत.

आता महिना होत आला. काकांबद्दल लिहायचं ठरवलं खरं, पण त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं, आणि ते मी वीस वर्षं टाळलंय. माझ्या बायकोखेरीज ते कुणालाच माहीत नव्हतं. आईला नाही, ताईला नाही. काकांना माहीत होतं, कारण ते त्यांनीच शोधून काढलं होतं.

काका मूळचे साताऱ्याकडचे. घरचा धंदा केस कापण्याचा, तोच घेऊन फौजेत भरती झाले आणि उभी हयात पलटणीच्या माना आणि हनुवट्या साफ करण्यात घालवली. रिटायर झाल्यावर गावी गेले नाहीत. करोल बागच्या एका गल्लीत, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांमध्ये चेपलेली एक खोली घेतली, दोन खुर्च्या टाकल्या. गल्ली त्यांना 'फौजी' म्हणायची. आम्ही यूपीएससीची पोरं 'काका' म्हणायचो. मी परभणीकडून आलेला, झूलॉजीचा बीएस्सी, डोक्यात कलेक्टरकीचं वारं. रूमवर चौघे आणि चौघांच्या माना काकांच्या ताब्यात. खरं सांगायचं तर केसांपेक्षा आम्ही मराठीतल्या शिव्या ऐकायला जायचो. दिवसभर 'भैया, यार, अच्छा' करून जीभ आंबलेली असायची. काकांनी "मेल्या, डोक्याला तेल म्हणून माहीत नाही का तुला?" असं फटकारलं की आईच्या हाताखाली बसल्यासारखं वाटायचं.

कात्री हातात घेण्याआधी काका नुसती बोटं फिरवायचे. टाळू, कानामागची जागा, मान. घाईतली गिऱ्हाईकं वैतागायची, पण काका ऐकतील तर शपथ. बोटं फिरवताना तोंड चालू. "केस मेलेलाच असतो रे. जीव असतो तो मुळात. म्हणून कापला तर काही नाही आणि उपटला की आई गं!" प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तेलाची पिशवी असते, एक इवलासा स्नायू असतो, थंडी वाजली की तो आखडतो आणि केस ताठ उभा राहतो, त्यालाच आपण अंगावर काटा आला म्हणतो, हे सगळं त्यांना ठाऊक. कातडीला ते बॉर्डर म्हणायचे. "वरचा थर मेलेला असतो. तो झडत राहतो, खालून नवी भरती येत राहते. म्हणून तर बॉर्डर टिकते."

मी विद्वान. मी म्हणालो, काका, त्याला एपिडर्मिस म्हणतात, खालच्याला डर्मिस, त्याखाली चरबीचा थर. काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "वा साहेब! मग सांगा, भुवया डोक्याच्या केसांएवढ्या का वाढत नाहीत?" मी आरशात माझ्याच भुवया बघायला लागलो. बाजूच्या खुर्चीतला माणूससुद्धा हसला. "अरे, भुवईच्या केसाची नोकरी काही महिन्यांची. डोक्याच्या केसाची काही वर्षांची. मुदत संपली की गळायचं. बिल्कुल सोपं आहे, पण तुमच्या गाइडात नसणार." त्या दिवसापासून मी त्यांना शहाणपण शिकवणं बंद केलं. बंद म्हणजे, कमी केलं.

तो जून महिना होता. दिल्लीचा जून, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. मी खुर्चीत बसलो होतो, मानेवरून घामाच्या धारा. काका मागून वस्तरा फिरवत होते आणि बोलता बोलता एकदम गप्प झाले. काका गप्प झाले म्हणजे काहीतरी बिनसलंच. "हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

केसांच्या रेषेखाली, डाव्या बाजूला, रुपयाएवढा एक फिकट डाग होता. मला माहीत होता. नायटा असेल म्हणून रूममेटची ट्यूब दोन महिने चोळत होतो. "नायटा आहे काका. पण खाजत वगैरे नाही, काही त्रास नाही," मी अगदी आनंदानं सांगितलं.

"खाजत नाही तेच वाईट," काका म्हणाले.

त्यांनी बाजूच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक उरकलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि डेटॉलच्या बाटलीशेजारचा कापूस घेतला. त्याची एक बारीक वात वळली. "डोळे मीट. जिथं लागेल तिथं बोट ठेव." मला गंमत वाटली. गालावर लागलं, बोट ठेवलं. कानाच्या पाळीवर लागलं, ठेवलं. मानेच्या उजव्या बाजूला, ठेवलं. मग काहीच होईना. मी वाट बघतोय. शेवटी म्हणालो, "काका, लावा ना!"

"केव्हाचा लावतोय," ते म्हणाले. "तीनदा झालं."

डोळे उघडले तेव्हा आरशात त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी मला दुसरा आरसा मागे धरून दाखवलं. सगळी मान घामानं चकाकत होती आणि तेवढीच जागा कोरडी ठणठणीत. तिथं लव नव्हती. मघाशी वस्तरा जरा लागला होता, रक्ताचा थेंब आला होता, मी हूं की चूं केलं नव्हतं. मग त्यांनी माझं डोकं एका बाजूला वळवलं आणि कानाखाली बोट ठेवलं. तिथं कातडीखाली दोरीसारखी एक नस हाताला लागत होती. "घाम नाही, केस नाही, कळत नाही. घामाची नळी, केसाचं मूळ आणि नस, तिघं एकदम रजेवर जात नाहीत पोरा. उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात."

हे त्यांना पलटणीतल्या एका डॉक्टरसाहेबांनी शिकवलं होतं. मी ही माणसं वर्षातून एकदा बघतो, तू रोज बघतोस, असं म्हणून. आजाराचं नाव काकांनी घेतलं नाही. मी झूलॉजीवाला, मला ते कळलं. कुष्ठरोग.

दुसऱ्या दिवशी हिंदूरावच्या बाजूला, रिजवरच्या, म्हणजे तिथल्या जंगलातल्या टेकडीवरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात काका मला जवळजवळ बखोट धरून घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तीच कापसाची वात फिरवली, तीच नस बोटाखाली चाचपली, तपासण्या केल्या आणि काकांकडे बघून हिंदीत विचारलं, "आपने पकड़ा?" काका सावधानमध्ये उभे राहिले. बाईंनी सांगितलं की सहा महिने गोळ्या, फुकट मिळतात, आजार पूर्ण बरा होतो, एकत्र राहण्या-जेवण्यानं कुणाला काही होणार नाही. फक्त उशीर करायचा नाही. नस एकदा गेली की हात वाकडा होतो, बोटं भाजली तरी कळत नाहीत.

बाहेर आलो आणि मी काकांना म्हणालो, मी गोळ्या दिवाळीनंतर सुरू करतो. ताईचं लग्न ठरलं होतं. चौघांच्या रूमवर गोळ्यांचं पाकीट लपत नाही, एकाला कळलं की परभणीपर्यंत जायला दोन दिवस पुरे. लग्न मोडलं असतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. काका इतके चिडले की रस्त्यावरची माकडंसुद्धा बाजूला झाली. "नस थांबते का लग्नासाठी? हात गेल्यावर पेपर काय पायानं लिहिणार, गाढवा?" मी रडायला लागलो. मग ते माझ्या शेजारी फुटपाथवर बसले. "पाकीट माझ्याकडे राहील," शेवटी म्हणाले. "दुकानात, आरशाखालच्या ड्रॉवरमध्ये. तू रोज दाढीला यायचं. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना? बघच आता."

सहा महिने मी रोज दाढी केली. माझी दाढी म्हणजे काय, चार केस! रूमवाले म्हणायचे, याची कुठंतरी सेटिंग झालीय. काका वर्तमानपत्राच्या कागदावर गोळी ठेवायचे, पाण्याचा ग्लास द्यायचे आणि ती गिळेपर्यंत हातात वस्तरा धरून उभे राहायचे. पहिल्याच दिवशी मी हळूच म्हणालो होतो, "काका, माझा टॉवेल वेगळा ठेवा." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दाढी झाल्यावर नेहमीच्या टॉवेलनं माझा चेहरा पुसला, मान पुसली, तो डागसुद्धा पुसला. मग त्याच टॉवेलनं स्वतःचं घामेजलं तोंड खसाखसा पुसलं आणि तो खुंटीला टांगला. डॉक्टरीण बाईंनी समजावलं होतं, पुस्तकात वाचलं होतं, पण मला ते खरं वाटलं त्या टॉवेलमुळे.

ताईचं लग्न थाटात झालं. कलेक्टर मी झालो नाही, पण दिल्लीतच केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरी लागली आणि हाताची दहाही बोटं शाबूत आहेत. नीताला लग्नाआधी सांगायला काकांनीच भाग पाडलं. "ज्या घरात जेवायचं तिथं तरी खोटं नको," म्हणाले. नीतानं फक्त "आता बरा आहेस ना?" एवढं विचारलं आणि पुढच्या विषयावर गेली. तेव्हा आई-ताईलाही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. पुढं दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत घर घेतलं तरी केस कापायला मेट्रोनं करोल बागच. दर खेपेला काका शेवटी कापसाची वात काढायचे. "डोळे मीट." तेवढी जागा अजून मुकीच आहे. ती मेली तेवढीच, पुढं काही सरकलं नाही.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर सुमनकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, मला आतल्या खोलीत बोलावलं. वैशालीनं दुकान आवरून ड्रॉवरमधलं सगळं एका डब्यात घरी आणलं होतं. काकूंनी डबा उघडला. वस्तऱ्याखाली, रबर लावून, सहा रिकामी पाकिटं होती. वेडा माणूस, त्यानं ती फेकलीच नव्हती.

"मी केमिस्टला विचारलं कसल्या गोळ्या आहेत," काकू म्हणाल्या. "एवढा मोठा आजार झाला होता ह्यांना, आणि मला सांगितलं नाही? एका ताटात जेवलो आम्ही. मी काय टाकून दिलं असतं? तुला तरी माहीत होतं का? खरं सांग."

दहा दिवस ती बाई हे मनात घेऊन बसली होती. नवऱ्याच्या फोटोला हार घालत होती आणि त्याच्यावर रुसलेली होती. वैशाली दारात उभी. मला एक वाक्य बोलायचं होतं. वीस वर्षांत आईसमोर, ताईसमोर ते कितीदा ओठापर्यंत येऊन परत गेलं होतं.

"काकू, ती पाकिटं माझी आहेत. आजार मला झाला होता. काकांना नाही."

मग सगळं सांगितलं. जून, कापूस, फुटपाथ, टॉवेल. काकू डब्यातल्या पाकिटांवरून अंगठा फिरवत ऐकत राहिल्या. मध्येच एकदा पदर तोंडाला लावला. "मेल्यानं मलासुद्धा नाही सांगितलं," त्या म्हणाल्या आणि हसल्या, रडत रडत हसल्या. तेरा दिवसांत वैशालीनं त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं असेल. "दाखव बघू कुठं आहे."

मी वळून बसलो, कॉलर खाली केली. "डोळे मीट," काकू म्हणाल्या. त्या खोलीत काकाच बोलल्यासारखे वाटले मला. मी थांबलो. काहीच लागेना. "काकू, ठेवलं का बोट?"

"केव्हाचं ठेवलंय," त्या म्हणाल्या. बोट त्यांनी काढलं नाही. "आता कशाला लपवायचं रे? ते होते तोवर त्यांनी सांभाळलं. आता तू लिही. नावानिशी लिही, त्यांच्याही आणि तुझ्याही."

म्हणून लिहिलं, काकू. काल रात्री परभणीला फोन करून आईला आणि ताईला आधी सांगितलं, पेपरातून कळायला नको म्हणून. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या काकांचा एखादा फोटो पाठव. देवघराशेजारी लावते." दुकानातल्या त्या कापसाचा पुडा काकूंनी मला दिला आहे. रविवारी दाढी झाली की नीता त्याची वात वळते, मी डोळे मिटतो.