परुळेकर मास्तरची बदली

आमच्या वाडीतली कांता लालबागला नांदायला गेली. तिचा घोव शामराव गिरणीत बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असला तरच काम मिळणारा. संपात त्याने झेंडा धरला होता. संप फसल्यावर तो रोज सकाळी गेटावर कामासाठी उभा राहायचा. गिरणीतला खातेप्रमुख परुळेकर मास्तर बोट दाखवून बाकीच्यांना आत घ्यायचा आणि याला म्हणायचा, "उद्या बघू." उभा राहून राहून शामराव खंगला, मेला.

कांता परळच्या एका इस्पितळात आया झाली. दहाबारा वर्षांनी तिथले डॉक्टर दुभंगल्या ओठांची पोरं फुकट शिवायला केनियात निघाले, तेव्हा ती आपणहून सोबत गेली. शिबिराच्या दारात उभं राहून पोरं आत घ्यायची, हे तिचं काम.

एका सकाळी सून आणि नातू घेऊन परुळेकर दारात आला; नाव सांगताच कांताने त्याला ओळखलं. मुंबईची गिरणी बंद पडल्यावर त्याने केनियातल्या गिरणीत नोकरी धरली होती.

"अगो, तू आपल्याकडची?" तिची बोली ऐकून म्हातारा खुलला.

"तुझ्या गेटार उभो रवान मेलो, त्या शामरावाची बायल मी."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "बाय, पोराला परत धाडू नको."

कांताने पोर कडेवर घेतलं. "ह्येचो नंबर पयलो." सुनेलाही आत घेतलं. म्हाताऱ्याने पाऊल उचललं, तशी ती दारात आडवी झाली.

"तू बदली. गेटार उभो रव. उद्यां बघूया."

ओठ शिवून झाला, तरी म्हातारा उन्हातच.

"बाहेर कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोण नाय," म्हणत कांताने डबा उघडला आणि ती पोटभर जेवली.