नानांची पांढरी टोपी

आज सकाळी जामनेरला माझ्या दवाखान्यासमोर कुणीतरी जुना ट्रॅक्टर चालू केला. कच्च्या, न जळलेल्या डिझेलचा वास आला, डोळे चुरचुरले, आणि पेशंटच्या नाडीवर बोटं असतानाच मी भडगावकडच्या माहेरच्या खळ्यात जाऊन पोचले.

तेव्हा मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते. गव्हाची पेरणी तोंडावर आलेली, आणि आमचा ट्रॅक्टर सकाळी चालू केला की पांढरट धूर ओकायचा. ऑइल जळतंय, इंजिन खोला, असं दोन मिस्तरी सांगून गेले होते. आबांचा, माझ्या वडिलांचा, चेहरा उतरला होता.

मग गावातले म्हातारे नाना मिस्तरी आले. चारचौघांत कधी डोकं उघडं न करणाऱ्या नानांनी धुऊन आलेली पांढरीशुभ्र टोपी काढली आणि चालू ट्रॅक्टरच्या धुरावर धरली.

"नाना, फडकं देऊ का?" मी घाईने विचारलं.

"फडकं आधीच मळेल शे. ते खोटं सांगी," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. आधीच मळलेल्या फडक्यावर नवा डाग ओळखू आला नसता.

त्यांनी टोपीवरचा ओलसर डाग बोटाने चोळला, हुंगला. "आबा, इंजिन खोलू नका. हाई ऑइल नई, डिझेल शे. एक नोझल तेवढं गळस."

दुपारी इंजिनात डिझेल फवारणारं ते नोझल बदललं. दुसऱ्या दिवशी गारठ्यात ट्रॅक्टर चालू झाला, तेव्हा धुराची रेघही नव्हती.

त्या वेळी मी त्यांच्या नाकाने थक्क झाले होते. आज थक्क होते ती वेगळ्याच गोष्टीने. तपासण्याआधी त्यांनी आपल्याजवळ सगळ्यात स्वच्छ होतं ते पुढे केलं होतं.

पेशंट माझ्याकडे बघत होता. मी मनात आधीच धरलेला अंदाज पुसला आणि नाडी पुन्हा एकपासून मोजायला घेतली.