पक्ष्यांच्या पुस्तकात आई मधेच थांबते

इथले जुने सभासद मला ओळखतात. कुणी पिंपळाखालची बाई लिहिली, कुणी बंद खोलीतली पावलं लिहिली, की खाली "जेवण हलकं ठेवा, झोप नीट घ्या" अशी कमेंट टाकणारी आगाऊ मुलगी ती मीच. भूतखेत, करणी, बाहेरचं... आमच्या घरात या विषयाला कधी थाराच नव्हता. आई तर सरळ म्हणायची, "मेलेले कुणाला त्रास देत नाहीत गं, जिवंतांचं बघा आधी." तर आता हसायची पाळी तुमची. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. तेव्हा एम.लिब. करत होते, म्हणजे ग्रंथालयशास्त्र. (हे सांगितलं की नातेवाईक विचारतात, "पुस्तकं लावायलाही शिकावं लागतं?" लागतं.) शेवटच्या वर्षाला एक प्रबंध करावा लागतो. मी विषय घेतला – दृष्टिहीन वाचक बोलकी पुस्तकं कशी वापरतात. बोलकी पुस्तकं म्हणजे कुणीतरी वाचून रेकॉर्ड केलेली. विषय निवडण्यामागे काही उदात्त हेतू वगैरे नव्हता. आमच्याकडे अशा पुस्तकांचं एक छोटं ग्रंथालय आहे आणि माझी आई तिथे बरीच वर्षं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला जायची. सगळे ओळखीचे, मुलाखती पटापट मिळतील, एवढाच माझा आळशी हिशेब होता.

तिथली रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एक माळा. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर रेकॉर्ड होते. आई तिथून घामानं निथळत घरी यायची आणि तरी अशी खूश असायची जशी काही लग्नाला जाऊन आली.

तिचं शेवटचं पुस्तक होतं खाडीकाठच्या पक्ष्यांवरचं. ते वाचताना तिचा आवाज बसायला लागला. आम्हाला वाटलं, घसा धरलाय. पुस्तक पूर्ण झालं, मग तपासण्या झाल्या, आणि मग स्वरयंत्रच काढावं लागलं. आयुष्यभर न थकता बोललेल्या बाईनं शेवटचे महिने ठाण्याच्या हॉस्पिटलात मुक्यानं काढले. आधी पाटीवर लिहायची. मग हात सुजले, तेही गेलं. शेवटी शेवटी माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवायची... तेच तेच, पुन्हा पुन्हा. मला एक अक्षर समजलं नाही. मी मान डोलावून म्हणत राहिले, "हो आई, कळलं." मला काहीही कळलेलं नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं डोळे मिटले, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचा प्रयत्नही केला नाही.

हे आधी सांगितलं कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. तिला काय सांगायचं होतं, एवढं एक मला हवं होतं. अजून हवं आहे.

पहिली मुलाखत सावंतकाकांची. जन्मापासून दृष्टी नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, आणि तक्रारी करण्यात पीएचडी. मी कुणाची मुलगी ते सांगितलं नव्हतं. काका सुटलेच. "लिहून घे. एक बाई वाचताना चहाचे भुरके मारतात. एक गृहस्थ प्रत्येक पान उलटताना बोटाला थुंकी लावतात, मला ऐकू येतं. आणि ती पक्ष्यांचं पुस्तक वाचणारी! वाचते सुरेख हो, जरा घोगरं, पण सुरेख. मात्र रोहित पक्ष्यांच्या प्रकरणात मधेच थांबते आणि चक्क घरगुती गप्पा सुरू करते. हॉस्पिटलचं काहीतरी, मिनूचं काहीतरी... आणि तेवढ्यापुरता आवाज मोकळा, खणखणीत! मी ग्रंथालयात सांगितलं, अहो हे कापून टाका. ते म्हणतात, काका, तिथे काहीच नाहीये. म्हणजे आता मला कानही नाहीत!"

माझं पेन थांबलं. मिनू मी. हे नाव घराबाहेर कुणी वापरत नाही. आणि ती रेकॉर्डिंग करत होती तेव्हा हॉस्पिटल कुठे होतं?

"काका, मिनू मीच. ती माझी आई होती."

काकांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"मगाशी तर मृण्मयी म्हणालीस."

"घरी मिनू म्हणतात. काका, काय बोलते ती?"

"काही नाही गं. या वयात भास होतात माणसाला."

दोन मिनिटांपूर्वी ग्रंथालयाशी भांडायला निघालेला माणूस! मी खूप खोदून विचारलं, पण काका "भास"च्या पुढे सरकले नाहीत. निघताना त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला ते अजिबात आवडलं नाही.

घरी येऊन मी आणि बाबांनी ती फाइल लावली. रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, प्रकरण. ओहोटीला पक्षी चिखलात कसे उतरतात ते वाक्य, मग पान उलटल्याचा आवाज, मग आई जरा थांबते, मग पुढचं वाक्य. बस्स. लॅपटॉपवर आवाजाची रेघ उघडून बघितली, तर तिथे रेघ सपाट. बाबांना काचबिंदू आहे, पण तेव्हा जाड चष्म्यानं पेपर वाचता यायचा. ते थेंब घालता घालता म्हणाले, "म्हाताऱ्याला काम नसेल दुसरं. सोड."

मी सोडलं असतं. पण पुढची मुलाखत प्रणवची होती.

प्रणव कल्याणचा, माझ्याहून लहान, बँकेच्या परीक्षा देतोय. या वेळी मी फक्त "कॉलेजमधून आलेय" एवढंच सांगितलं, नाव नाही. त्यानं फोनवर एक पुस्तक लावून दाखवलं, तर मला नुसती चिवचिव ऐकू आली.

"तीनच्या स्पीडला ऐकतो मी सगळं," तो हसला. "नॉर्मलला झोप येते यार. पण ते पक्ष्यांचं बुक आहे ना, त्यात फ्लेमिंगोवाला पार्ट आला की आवाज आपोआप नॉर्मल होतो. सेटिंग तीनच असते! पहिल्यांदा मी फोनच फेकलेला."

"काय बोलते त्यात?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"आधी बोलते, तुम्ही ऐकताय ते ऐका, पण यातलं मिनूला काही सांगू नका, तुम्हाला माझी शपथ आहे. मग बोलते की—" तो थांबला. मान तिरकी केली. "एक मिनट. ताई, परत बोला जरा."

"काय बोलू?"

"च्यायला," तो पुटपुटला. "तुमचा आवाज सेम टु सेम आहे."

मी त्याचा हात धरला. अरे शपथबिपथ काही नसतं, मेलेल्या माणसाची शपथ कसली, मी तिची मुलगी आहे रे... अक्षरशः भीक मागितली. तो हात सोडवून घेत म्हणाला, "नसेल पण. मला ऐकू येते ना ती, तुम्हाला नाही येत. सॉरी ताई." दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "काळजी घ्या हां." माझ्याहून लहान मुलगा, आणि बोलायची पद्धत अशी, जशी आपण आजारी माणसाशी बोलतो.

मला आईचा भयंकर राग आला. खोटं कशाला सांगू? कल्याणच्या अनोळखी पोराला सांगते, तक्रारखोर म्हाताऱ्याला सांगते, आणि जिनं तुझी उशी बदलली, तुझ्या गळ्यातली नळी साफ केली, तिला सांगू नका म्हणते?

गाईड मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "या श्रोत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल ना? एकाच्या मनात आलं, बाकीच्यांनी उचललं. तुझं घरचं नाव आईनंच कधीतरी तिथे बोलण्यात घेतलं असेल. प्रबंधात भावना नकोत, एका ओळीत लिहून टाक." ग्रुप होताच. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं मी ते दोन्ही हातांनी धरलं. आणि ती काडी पक्की करायला कळव्याला गेले – हिराबाईंकडे.

हिराबाई कोळीण. साखरेनं डोळे नेले. फोन वापरत नाहीत, ग्रुप माहीत नाही, बाकीचे श्रोते माहीत नाहीत. सून पेनड्राइव्ह लावून देते तेवढं ऐकतात. मी दारातून "आहेत का हिराबाई?" एवढंच विचारलं, आणि आतून आवाज आला, "तिची पोर ना गो तू? येशील म्हनून वाटलाच व्हता मना."

आत जाऊन बसले. मुलाखतीचे कागद बाहेर काढलेच नाहीत.

"मावशी, मला सांगा. माझा हक्क आहे."

"हक तुजाच हाय. पन तिनं नको सांगितलाय."

"का पण?"

"आय हाय ती तुजी. तुला झेपाचा नाय म्हनून."

"काय झेपायचं नाही? माझ्याबद्दल आहे का काही? मला काही होणार आहे?"

स्वयंपाकघराच्या दारातून सून हळूच म्हणाली, "आमाला पन काय ऐकू येत नाय, ताई. पन ते लागला की आई रडतात." मग हिराबाईंनी मला जवळ ओढलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि तोच हात डोक्यावर ठेवला. सावंतकाकांसारखाच, तसाच बराच वेळ. निघताना सुकटीची पुडी दिली. मी कळव्याच्या पुलावर रिक्षात रडत बसलेली, मांडीवर सुकट, आणि रिक्षावाला आरशातून बघतोय.

प्रबंध पूर्ण झाला. त्यात या सगळ्याची एकच ओळ आहे – "काही श्रोत्यांनी ध्वनिमुद्रणातील अनावश्यक संभाषणाबद्दल तक्रार नोंदवली." मॅडम म्हणाल्या, छान वस्तुनिष्ठ लिहिलंयस.

मला घोडबंदर रोडच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. ट्रॅफिकमध्ये बस अडकली की मी तेच प्रकरण लावते. डोळे मिटून ऐकलंय. घरी डोळ्यांवर ओढणी बांधून ऐकलंय. पान उलटतं, आई थांबते, आई पुढे वाचते. माझ्यासाठी तिथे काही नाही.

आता बाबांचं. काचबिंदू थेंबांनी थांबला नाही, ऑपरेशननंही नाही. कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. या वर्षी उजेड-अंधार तेवढा कळायचा, मग डॉक्टर म्हणाले, आता तोही नाही. बाबांना वेळ जायला मी आईची सगळी पुस्तकं स्पीकरवर भरून दिली. सगळी... तेही. का दिलं ते माझं मला माहीत आहे, तुम्हालाही कळलं असेल.

एका संध्याकाळी कामावरून आले तर बाबा गॅलरीत बसले होते आणि पक्ष्यांचं पुस्तक चालू होतं. रोहित पक्षी. चिखल. पान उलटलं. मी चप्पल न काढता दारातच उभी राहिले. आई थांबली. बाबांचा चेहरा वर झाला, जसा आईनं हाक मारल्यावर व्हायचा तसाच. ते ऐकत होते. मला नळाचं पाणी ऐकू येत होतं, खालचा भाजीवाला ऐकू येत होता. बाबा एकदा "हं" म्हणाले. मग "असं कसं गं?" म्हणाले. मग तोंडावर हात दाबून धरला. मग आई पुढे वाचू लागली.

"बाबा, काय म्हणाली?"

ते दचकले. चाचपडत स्पीकर बंद केला.

"कोण? काही नाही. पक्ष्यांचं चाललं होतं."

मी भांडले. रडले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझ्याशी कधी खोटं न बोललेला माणूस प्रत्येक वेळी तेच म्हणाला – पक्ष्यांचं चाललं होतं. आता ते फाइल दार लावून ऐकतात. आणि रोज सकाळी मी निघताना मला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवतात. आमच्या घरात ही पद्धत कधीच नव्हती.

काचबिंदू वडिलांकडून मुलांकडे येऊ शकतो म्हणून डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलेलं. गेल्या आठवड्यात गेले. डॉक्टरबाईंनी थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, उजवा बघितला, डावा बघितला. मग हसून म्हणाल्या, "अगदी ठणठणीत आहेत हो डोळे. काही काळजी करू नका."

आणि मला धक्का बसला, कारण मी नाराज झाले होते. जिन्यात बसून मी रडले ते सुटकेनं नाही.

याचा उलगडा मला झालेला नाही, मॅडमनाही नाही, आणि ज्यांना झालाय ते बोलत नाहीत. तुम्ही कमेंटमध्ये फाइल मागणार, माहीत आहे मला. मागा, पाठवते. तुमच्या घरात कुणाला दिसत नसेल तर त्यांना ऐकवा. ऐकून ते गप्प झाले, तर मला फक्त तेवढं कळवा. जास्त विचारणार नाही... कारण त्यांनी तुम्हाला सांगितलं, तरी तुम्हीही मला सांगणार नाही.