जकातघरामागची खोली

आमच्या कमिटीतली सगळ्यात कडक बाई म्हणजे टेलरताई. तिच्याइतकं प्रेम मला गावात कुणाचं मिळालं नाही, आणि तिच्याइतकं नुकसानही कुणी केलं नाही. माझ्या पिठाच्या गिरणीपुढे पत्र्याची ऐसपैस पडवी होती. दळण ठेवायला, बायकांना टेकायला, मला दुपारचं लवंडायला. ताईनं ती काढायला लावली. पत्रे उतरवताना स्वतः खाली उभी होती आणि वर मलाच सांगत होती, की भाऊ, बघा, आतली दगडी चौकट किती देखणी आहे, इतकी वर्षं पत्र्यानं तिचं तोंड झाकलं होतं. चौकट देखणी होती यात वाद नाही. पण चौकटीखाली लवंडता येत नाही.

कमिटीचं पूर्ण नाव लांबलचक आहे, 'जुन्या वास्तू' पासून 'समिती' पर्यंत पोचताना मला धाप लागते. गाव नुसतं 'कमिटी' म्हणतं. दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर आम्ही भरतो. हेडमास्तर अध्यक्ष, म्हणजे रिटायर्ड, पण आवाज अजून सेवेत आहे. मग न्हावी, ताई, मी, आणि हजेरीपुरते आणखी दोघे. आमच्या हातात कायदा नाही, काही नाही. नुसतं तोंड आहे. एखादा घरमालक जुन्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या काचा बसवतोय असं कळलं, की आम्ही त्याच्या घरी जाऊन बसतो. चहा घेतो. खिडकीचं कौतुक करतो. पुन्हा जातो, पुन्हा चहा घेतो. शेवटी त्याची बायको म्हणते, राहू द्या हो त्या खिडक्या, साखर संपत आली. आमच्या निम्म्या इमारती अशाच वाचल्यात.

सुरुवातीला आम्ही उत्साहात एक घोळ घातला होता. चौकाच्या कोपऱ्यावर एक कमान उभी होती, काळवंडलेली, शेवाळ धरलेली. बघताक्षणी वाटावं, राजेलोक हिच्याखालून जात असतील. शेजारचा दुकानदार ती पाडायला निघाला. आम्ही आडवे झालो. कमानीभोवती दोरी बांधली, आळीपाळीनं राखण केली, हेडमास्तरांनी तिच्यापुढे उभं राहून पूर्वजांच्या कलेवर तासभर व्याख्यान दिलं. व्याख्यान ऐकायला एक म्हातारा गवंडीही उभा होता. संपल्यावर त्यानं माझ्या कानाशी लागून विचारलं, "माझी कमान बांधून का ठेवलीय? काही चुकलं का?" त्यानंच उभारली होती ती, एका सोडावॉटरच्या दुकानासाठी. दुकान बुडालं, कमान उरली. शेवाळाचं म्हणाल तर वरची पन्हळ गळत होती.

गाव महिनाभर हसलं. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की आधी विचारायचं, आमच्या दाढीला किती वर्षं झाली ते कमिटीनं बघून ठेवलंय ना. हेडमास्तर तर पाठीमागच्या गल्लीनं हिंडायला लागले.

तेव्हा ताईनं नियम आणला. ती शिवणकाम करणारी, जोड कुठे आहे हे तिला आधी दिसतं. तिचं म्हणणं साधं होतं. दोन भिंती एकाच वेळी उठल्या असतील तर त्यांचे दगड एकमेकांत गुंतलेले असतात, दातात दात घातल्यासारखे. नंतर कुणी भिंत आणून चिकटवली, तर मधे सरळ फट राहते. तिच्याकडे कापड आखायची स्टीलची पातळ फूटपट्टी होती. ती फटीत घालायची. पट्टी आत गेली की ती भिंत पाहुणी. पाहुणी भिंत काढायची, घरची भिंत राखायची, मग ती कुणाच्याही बापाची असो. ठराव झाला, सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली पाहुणी निघाली माझी पडवी. दुसरा न्हाव्याच्या दारातला कट्टा. त्याच्या वडिलांनी बांधलेला होता तो. न्हावी पुढे कितीतरी शनिवार ताईच्या शेजारची खुर्ची टाळून बसायचा.

आता ताईच्या वडिलांचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

त्यांना सगळे शिपाईबाबा म्हणत. नदीकाठी गावाच्या तोंडाशी जुनं जकातघर आहे, दगडी, बसकं, भक्कम. गाड्या थांबवून माल तपासायचा, तिथे ते शिपाई होते. जकातघरामागे त्यांनी स्वतःच्या हातानं विटांची एक खोली बांधली होती. वर पत्रे. ताई तिथेच जन्मली, तिथेच वाढली. जकात बंद झाली तसं नगरपालिकेनं जकातघराला आणि खोलीला कुलूप घातलं, आणि या मंडळींना गावात भाड्यानं यावं लागलं. काही वर्षांनी ताईची आई गेली. ताईनं शिवणाचं दुकान टाकलं, माझ्या गिरणीच्या अगदी समोर, म्हणून मला हे सगळं बसल्या जागी दिसायचं. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, मापाचं कुणी मिळालं नाही, आणि अंगावर घालून मग अल्टर करायचा माझा स्वभाव नाही.

बाबा थकल्यावर दिवसभर तिच्या दुकानात बसायचे. ताई त्यांच्या मांडीवर पुरे झालेले कपडे टाकायची, ते कच्चे टाके उसवायचे. डोळ्यांना कमी दिसायचं, पण बोटांना दिसायचं. अख्ख्या गावाच्या कपड्यांतले कच्चे टाके त्यांनी उसवलेत. संध्याकाळ झाली की सुई पिनकुशनमध्ये टोचायची, टोपी घालायची, काठी घ्यायची आणि म्हणायचं, "चल, घरी जाऊ."

ताई म्हणायची, हेच घर आहे बाबा, वरच्या मजल्यावर आपण राहतो.

"हे दुकान," बाबा म्हणायचे. "घरी जाऊ. तुझी आई वाट बघत असेल."

पहिल्यांदा ती समजावायची. मग समजावणं सोडलं. म्हणायला लागली, जाऊ या बाबा, कुलूप आहे, किल्ली नगरपालिकेत आहे, मिळाली की जाऊ. एवढं ऐकलं की ते शांत व्हायचे. शिपाई माणूस, किल्ली साहेबाकडे असणं त्यांना पटायचं. टोपी काढायचे, आणि जिन्यानं वर जायचे, धर्मशाळेत रात्र काढायला गेल्यासारखे. हे रोज. मी समोर गिरणी बंद करत असायचो, पट्टा उतरवायचा आवाज आणि बाबांचं 'घरी जाऊ' हे दोन्ही बरोबर व्हायचं.

आणि अखेर किल्ली मिळाली, बघा. नगरपालिकेनं जकातघर कमिटीच्या हवाली केलं. दुरुस्त करा, गावाला बघायला खुलं करा, अट एकच, काम तुमच्या ठरावाप्रमाणे करा. हेडमास्तरांनी पेढे वाटल्यासारखी ती बातमी वाटली. ताई लगेच दुकानाकडे वळली. मला वाटलं, आनंदानं बाबांना सांगायला धावली असेल. माणूस किती बथ्थड असतो.

पाहणीला आम्ही गेलो. पुढचा दगडी दरवाजा, आतली तोलाची जागा, सगळं धुळीखाली शाबूत. मागे गेलो. खोली उभी होती, पत्रे गंजलेले, दाराला रंगाची खपली. खोली आणि जकातघर जिथे भेटतात तिथे ताई थांबली. पिशवीतून पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"भाऊ, तुम्ही घाला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पट्टी जरा तिरकी धरली, म्हटलं कुठेतरी अडेल. ताई म्हणाली, सरळ धरा. सरळ धरली. लोण्यात सुरी जावी तशी ती आत गेली, वरपासून खालपर्यंत, कुठे म्हणून कुठे अडली नाही.

त्या शनिवारी माडीवर कुणी चहाला हात लावला नाही. मी म्हणालो, ठराव आपणच केलाय, आपणच एक अपवाद करू, आकाश कोसळत नाही. हजेरीपुरते दोघेही मान हलवायला लागले. हेडमास्तर म्हणाले, मानवतेच्या दृष्टीनं विचार करता, आणि पुढचं वाक्य त्यांना सुचेना. तेवढ्यात न्हावी बोलला. त्याचा कट्टा गेलेला, तोच म्हणाला, "राहू दे खोली. म्हातारा घरी जायचं म्हणतोय रोज, मला नाही का ऐकू येत?"

ताईनं त्याच्याकडे बघितलं.

"तुझ्या बाबांचा कट्टा मी काढला तेव्हा तू असंच म्हणाला असतास, तर मी ऐकलं असतं?"

न्हावी खरं बोलणारा. म्हणाला, नसतं ऐकलंस.

"मग आज माझं ऐकू नका," ती म्हणाली, आणि खोली काढायच्या बाजूनं पहिला हात तिनं वर केला. आमचे हात जड झाले होते, पण उठले. एवढंच मागितलं तिनं, की काम सुरू व्हायच्या आधी बाबांना एकदा तिथे नेऊ द्या.

मी आणि न्हाव्यानं मिळून त्यांना रिक्षातून नेलं. ताईनं आदल्या दिवशीच जाऊन खोली झाडून ठेवली होती. बाबा उंबऱ्यात उभे राहिले, काठी भिंतीला टेकवली, ती टेकवायची त्यांची जुनी जागा असणार, कारण बघितलंसुद्धा नाही. आत जाऊन जमिनीवर बसले. खोली एवढीशी. तिघं झोपली की चौथ्यानं उभ्यानं झोपावं. एका बाजूला चूल होती, तिच्यामागची जकातघराची दगडी भिंत धुरानं काळीकुट्ट. त्यांनी चुलीपुढे नीट मांडी घातली. मला तर वाटलं हे आता उठायचेच नाहीत, आणि आपल्याला उठवताही येणार नाही.

ताई त्यांच्यासमोर बसली. खोटं बोलणं तिला येत नाही, शिवलेलं उसवताना तरी कुठे लपवता येतं. ती म्हणाली, "बाबा, ही खोली काढायचीय."

"साहेबांनी सांगितलं?"

"मी सांगितलं."

बाबांनी तिच्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं आता रागावतील, की रडतील. पण त्यांनी मान डोलावली. म्हणाले, काढता येईल अशीच बांधलीय. साहेबानं तेव्हाच बजावलं होतं, सरकारी भिंतीला हात लावायचा नाही, उद्या काढ म्हटलं तर ओरखडासुद्धा राहता कामा नये. म्हणून सुतभर जागा सोडून भिंत उचलली. सरकारचा एक दगड दुखावला नाही. हे सांगताना त्यांची पाठ ताठ झाली होती. ताई तोंड फिरवून चूल बघत बसली. ज्या नियमाला सारं गाव तिचा नियम म्हणायचं, त्याच नियमात ती जन्मली होती. उद्या काढता येईल अशा घरात बापानं सगळा संसार केला होता.

संध्याकाळी ते दुकानात परत आले. टोपी काढून ठेवली. घरी जाऊ म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताई मला म्हणाली, भाऊ, रोज म्हणायचे तेव्हा जीव नकोसा व्हायचा. आता कानाला काहीतरी कमी पडतंय.

मग काम लागलं. गवंडी हुशार होता, वीट न् वीट हातानं काढत होता. आम्ही सगळे तिथेच होतो. पत्रे उतरले, बाहेरच्या भिंती उतरल्या, चुलीची बाजू तेवढी राहिली. तिथे गवंडी थांबला. एक वीट निघेना. हलवली, ठोकली, मग फुंकून काजळी उडवली आणि आम्हाला बोलावलं. जकातघराच्या भिंतीतला एक लहानसा दगड कुणीतरी काढला होता आणि त्या जागी खोलीची वीट अर्धी आत सरकवली होती. आम्ही पट्टी घातली होती बाहेरून, आत चुलीमागे बघायचं कुणाला सुचणार? विटेच्या कडेनं चुना नव्हता. मातीचा गिलावा, बोटांनी दाबून भरलेला.

"हे गवंड्याचं काम नाही," तो म्हणाला. "घरातल्याच कुणीतरी केलंय. काढायला गेलो तर तुमची जुनी भिंत फुटेल."

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले, मी न्हाव्याकडे. ताई निघाली आणि बाबांना घेऊन आली.

बाकी खोली गेली होती. उघड्यावर ती काळी भिंत, आणि तिच्यातून अर्धी बाहेर आलेली एक वीट. गवंड्यानं बाबांचा हात धरून विटेवर ठेवला. कच्चे टाके शोधावेत तशी त्यांची बोटं विटेच्या कडेकडेनं फिरली. मातीवर थांबली. पुन्हा फिरली.

मग ते बोलायला लागले, पण आमच्याशी नव्हे. हिची आई रोज मागायची, म्हणाले. एक तरी वीट आत घाल, म्हणायची. नुसतं टेकून किती दिवस राहायचं, म्हणायची. मी म्हणायचो, नाही. नोकरी जाईल. मग बोलायची बंद झाली. मला वाटलं, समजली.

ताईनं त्यांच्या खांद्याला धरलं होतं. बाबांनी दुसराही हात विटेवर ठेवला, आणि सगळा जन्म शेजारी बसलेल्या बाईला दटावावं तसं, अगदी हळू, म्हणाले,

"अगं, सरकारी भिंत होती ती."