वर्दीत नाचलेला देवाजी

एकाहत्तर साल. नागपूरजवळ कामठीला आमचं सिग्नल युनिट होतं. मी हवालदार, सायफर खोलीचा इन्चार्ज. वरून कोडमध्ये आलेले हुकूम उलगडायचे आणि तोंड शिवून बसायचं, हे आमचं काम. त्या खोलीत पाय ठेवायला सिक्युरिटी क्लिअरन्स लागे. तो नसेल तर सुभेदारसुद्धा दारातूनच परत जाई.

माझा सगळ्यात तरबेज ऑपरेटर नायक देवाजी. नागपुरातल्या इतवारीकडच्या विणकराचा पोरगा. सूत सांभाळलेली बोटं, चूक नावाला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे गावाची पीडा घालवायला काढतात त्या पुतळ्याच्या, मिरवणुकीसाठी त्याला आउटपास मिळाला. मोहल्ल्यातले म्हणाले, "वर्दीत ये गा, आमच्या मारबतीसमोर फौजी नाचला पाहिजे." आणि हा शहाणा खरंच वर्दीत गेला! वर मोहाची ढोसली. गांधीबागेत मिलिटरी पोलिसांनी त्याला नाल्याच्या कडेवरून उचलला.

सर्व्हिस शीटवर रेड इंक एंट्री पडली, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली कायमची नोंद. क्लिअरन्स गेला.

मी मेजरसाहेबांकडे गेलो. "सर, त्यानं काही फोडलेलं नाही."

"फोडलं असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी शुद्ध गेली तर जीभ सांभाळेल, गॅरंटी देतोस?"

"बेस्ट ऑपरेटर आहे, सर."

"म्हणूनच. त्याच्या डोक्यात सगळ्यात जास्त आहे. जा आता, डिसमिस."

हीच फौज थंडीत आम्हाला रम ओतून द्यायची. पण ते जाऊ द्या. साहेबांचा नियम मला आजही चुकीचा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच आजही चैन पडत नाही.

देवाजी लाइन पार्टीत गेला. पाठीवर केबलचा ड्रम, तुटलेल्या टेलिफोनच्या तारा जोडायच्या. ड्युटी संपली की सायफर खोलीच्या दारासमोर येरझारा घाली.

"साब, मी कोणाले काही सांगतलं का? मंग मले काहून काढलं?"

"चूप बस. जा, झोप."

त्याला खोलीतून काढल्याचं कळून मोहल्ल्यात बोंब झाली होती की देवाजीनं देशाची गुपितं विकली. त्याचा बाप लोकांत जायचा बंद झाला.

डिसेंबरात आम्ही पश्चिम सीमेवर होतो. एका सकाळी शेलिंगमध्ये ब्रिगेडची लाइन तुटली. देवाजी बाहेर पडला. मी बंकरमध्ये मुका टेलिफोन धरून बसलो होतो. अखेर घंटी वाजली.

"हॅलो, देवाजी बोलून राहिलो. लाइन कशी?"

"ओके. परत ये लवकर."

"आलोच. चहा ठेवजा साब."

मग मोठा धमाका झाला. लाइन मात्र टिकली. तिच्यावरून लगेच ब्रिगेडचा मेसेज आला आणि तो मी उलगडत बसलो. चहा ठेवला होता. देवाजी आला नाही. संध्याकाळी कॅज्युअल्टी रिपोर्टमध्ये त्याचं नाव मीच कोड केलं. अक्षरं चुकली, पुन्हा केलं.

लढाई संपल्यावर मी त्याच्या घरी गेलो. म्हातारा मागावर बसला होता. हात थांबवून त्यानं विचारलं, "साब, खरं सांगा. माह्या पोरानं गुपितं इकली का?"

"नाही बाबा. दारू प्याला अन् वर्दीत नाचला. बस, एवढंच. लाइन जोडताना गेला तो."

म्हाताऱ्यानं उठून पायात चपला घातल्या.

"मले सांगून काय होते? चौकात चला."

आमच्या कामाबद्दल बाहेर बोलायला सक्त मनाई. तरी गेलो. पानठेल्यावर माणसं होती, ओट्यांवर बाया बसल्या होत्या. मी सावधान उभा राहिलो.

"नायक देवाजीनं कोणालाही काही सांगितलं नाही."

म्हातारा पार गर्दीच्या मागे जाऊन उभा होता.

"जोरानं सांगा साब," तो तिथून ओरडला, "मागच्याईले ऐकू नाही येऊन राहिलं!"

मी पुन्हा सांगितलं.