बंदुकीला घ्यायला आलेला माणूस

सिंगापूरमध्ये स्वतःची बंदूक स्वतःच्या घरी आणता येत नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. बंदूक क्लबाच्या कडीकुलपात राहते. परदेशी शिकारीला न्यायची तर पोलिसांचा परवाना काढायचा. परत आलं की विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन ती दाखवायची, तपासून घ्यायची आणि तिथल्या तिथे क्लबाच्या माणसाच्या ताब्यात द्यायची. तो ती गाडीत घालून क्लबात नेतो आणि मी बसने बेडोकला माझ्या फ्लॅटवर येतो. थोडक्यात, बंदुकीला घ्यायला माणूस येतो, मालकाला कोणी येत नाही.

पूर्वी मालकालाही कोणीतरी घ्यायला यायचं. माझी बायको यायची.

मी मोठा शिकारी आहे असा कोणाचा समज होऊ नये. आमच्या पुण्याच्या घरात शस्त्रं म्हणून जी काही होती ती विळी, अडकित्ता आणि वडिलांचा स्क्रूड्रायव्हर. खंडेनवमीला आई ती पाटावर मांडायची आणि हळदकुंकू लावायची, तेवढाच आमचा क्षात्रधर्म. मला नादी लावलं ते इथल्या ऑफिसातल्या एका चिनी मित्राने. तो दर वर्षी न्यूझीलंडला हरणांच्या शिकारीला जायचा. तिथे हरणं इतकी माजलीत की मारणाऱ्याला लोक उलट धन्यवाद देतात, असं त्याने पटवलं आणि पन्नाशीला टेकलेल्या मला एका डोंगरावर नेऊन पालथं झोपवलं. थंडी, ओलं गवत, दुर्बिणीच्या गोल काचेत समोरचा उतार आणि कुठेही माणसाचा आवाज नाही. नेम साफ चुकला, पण मी त्या गोल काचेच्या प्रेमात पडलो. पुढच्या वर्षी स्वतःची रायफल घेतली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे या वयात सवत आणलीत म्हणा की."

तेव्हापासून रायफलीचं घरातलं नाव सवतच पडलं. ही सवत घरात येत नाही, स्वयंपाकघरात लुडबूड करत नाही, वर्षातून एकदा नवऱ्याला घेऊन फिरायला जाते, यापेक्षा गुणी सवत कुठे मिळणार, असं ती मैत्रिणींना सांगायची. पण मी परत यायचा दिवस असला की बेडोकहून बस पकडून विमानतळावर हजर. कस्टम्समध्ये मला हमखास उशीर होतो हे माहीत असूनही ती वेळेच्या आधी यायची आणि बाहेर पडण्याच्या दारासमोरच्या एका खांबाला टेकून उभी राहायची. हातात चहाचा थर्मास. मी दिसलो की तिचं वाक्य ठरलेलं.

"सोपवलीत का सवतीला? चला आता."

हरीण मिळालं का, हे तिने कधीही विचारलं नाही. माझ्या नेमाबद्दल तिला खात्री होती. बसमध्ये थर्मासच्या झाकणात चहा ओतून द्यायची आणि माझ्या मागे ब्लॉकमध्ये काय काय घडलं ते सांगत बसायची. कोणाचा एसी कोणाच्या खिडकीवर गळतोय, खालच्या हॉकर सेंटरमधला कोणता खाण्याचा स्टॉल बंद झाला. मी अर्धं ऐकायचो आणि अर्धं झोपायचो.

रायफल घेतल्यानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला प्रश्न आला. घरात शस्त्र आहे, पण घरात नाही. असून अडचण, नसून खोळंबा. "मग पूजा कशाची करायची?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, परवाना आहे, तो मांड. ती म्हणाली, "कागद सरस्वतीकडे जातो. शस्त्राचं काहीतरी द्या." शेवटी माझ्या ड्रॉवरमधून रायफलीच्या पेटीची किल्ली निघाली. विळी आणि माझा लॅपटॉप यांच्या मध्ये तिने ती पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. मग दर वर्षी किल्लीचीच पूजा होऊ लागली.

त्याचा प्रसाद मला विमानतळावर मिळाला. पेटी उघडायला किल्ली काढली तर कस्टम्सच्या अधिकाऱ्याने ती बोटात धरून निरखली. किल्लीवरच्या आकड्यांच्या खाचांत लाल काहीतरी बसलं होतं. "ब्लड आह?" त्याने इथल्या इंग्रजीत विचारलं. प्राण्याचं रक्त देशात आणणं म्हणजे वेगळंच प्रकरण. मग मी, एक सिनियर इंजिनियर, भर दुपारी त्या काउंटरवर दसरा, देवी आणि हळदकुंकू समजावत बसलो. साहेब येऊन गेला, त्याचा साहेब येऊन गेला. बाहेर आलो तेव्हा थर्मासमधला चहा कोमट झाला होता. का उशीर झाला ते सांगितल्यावर बायको खांबाला धरून हसली. "रक्त सांडायला आधी नेम लागायला हवा," म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. ताप आला म्हणून हॉस्पिटलमध्ये नेलं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मुलगी टोरांटोहून आली, राहिली, तिला जेवढं राहता आलं तेवढं राहिली आणि परत गेली. मी अस्थी घेऊन पुण्याला जाऊन आलो.

परत येताना काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हिरव्या मार्गाने बाहेर आलो. कोणी थांबवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. दार उघडलं, समोर लोकांची रांग, सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून सरकून मागच्या माणसाकडे गेल्या. तिच्या खांबाशी एक पोरगी फुगे घेऊन उभी होती. मी बॅगेचं हँडल धरून तसाच उभा राहिलो. मुलीचा फोन आला, पोचलास का म्हणून. मी म्हटलं, पोचलो, पण घ्यायला कोणी नाही.

"बाबा, जस्ट टेक अ टॅक्सी ला," ती म्हणाली. "घ्यायला कोणीतरी कशाला पाहिजे?"

तिचं चूक नव्हतं. टॅक्सीने वीस मिनिटांत घरी पोचलोही. पण त्या रात्री मला एक गोष्ट स्वच्छ कळली. ज्या दारातून मी येतो, त्या दारापाशी माझी वाट बघणारं आता कोणी नाही, आणि मला ते सहन होत नाही. साठी उलटलेल्या माणसाने असं काही बोलू नये, पण आहे ते आहे.

म्हणून यंदा मी पुन्हा रायफल घेऊन गेलो. मित्राचे गुडघे गेलेत, तो आता बुकित पंजांगला नातवंडांत रमलाय, म्हणाला, तू जा. मी एकटा गेलो. सात दिवस त्याच डोंगरावर पालथा पडून होतो. ऊन कडकडीत होतं. चौथ्या दिवशी एक हरिणी त्या गोल काचेत येऊन उभी राहिली, इतकी निवांत की माझाही नेम लागला असता. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि ती चरत चरत निघून गेली. दया आली म्हणावं तर तसंही नव्हतं. मला शिकार नकोच होती. मला परत यायचं होतं, लाल मार्गाने, जिथे माझी वाट बघणं हे कोणाचं तरी काम होतं.

विमान दुपारी उतरलं. लाल मार्गावर या वेळी एक तरुण मलय अधिकारी होती, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने माझा परवाना बघितला, "अंकल, प्लीज सिट," म्हणाली आणि खुर्ची दिली. मी आरामात बसलो. मला कसली घाई नव्हती. तिने रायफलीचा नंबर परवान्याशी ताडला, मग काडतुसं मोजली. पुन्हा मोजली. जेवढी नेली तेवढीच परत आली होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"अंकल, सेम सेम. सो फार गो, नेव्हर शूट आह?"

"पाऊस होता," मी म्हटलं.

"एव्हरी डे रेन?"

"एव्हरी डे."

तिने माझ्या उन्हाने सोललेल्या नाकाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. चोरी पकडली गेल्यासारखा मी कानापर्यंत लाल झालो. बरं, चोरी कसली तर काहीच न केल्याची.

पलीकडे क्लबाचा माणूस उभा होता. तोआ पायोहला राहणारा, चिनी, माझ्याच वयाचा, तरी मला अंकल म्हणतो. दर वेळी हाच येतो. त्याच्या हातात पाटी असते, पण त्या पाटीवर माझं नाव नसतं, रायफलीचा नंबर असतो. तरी ती पाटी लांबून दिसली की मला बरं वाटायचं. या वेळी सगळ्यात जास्त वाटलं. सह्या झाल्या. आम्ही पेटी घेऊन त्याच्या गाडीपाशी आलो.

"अंकल, लायसन्स एक्स्पायरिंग," तो म्हणाला. "रिन्यू ऑर नॉट? यू ऑल्सो नेव्हर शूट. कीप फॉर व्हॉट?"

कस्टम्समधलं त्याने ऐकलं होतं तर. मला खरं तर पुन्हा पाऊस सांगता आला असता. पण एकटा माणूस कधी काय बोलून जाईल त्याचा नेम नाही. मी त्याला इंग्रजीत सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही घ्यायला येता ना, म्हणून ठेवलीय.

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

"अंकल, आय कम फॉर द गन," तो म्हणाला. "यू नेव्हर कम, आय ऑल्सो मस्ट कम."

म्हणजे मी नसलो तरी बंदुकीसाठी त्याला यावंच लागतं. तो वाईट बोलला नाही. जे होतं तेच बोलला. थोडा ओशाळला असावा, कारण मग म्हणाला की बेडोकपर्यंत सोडलंही असतं, पण गन आत असताना पॅसेंजर घेता येत नाही, कॅनॉट, रूल आहे. पेटीकडे हात करून त्याने ते सांगितलं, जणू माझी जागा तिने घेतली याबद्दल तो माझी माफी मागत होता.

मला संताप आला. आधी त्याचा, मग त्या गुणी सवतीचा, आणि शेवटी माझा मलाच. आठवडाभर डोंगरावर पालथं पडायचं, समुद्र ओलांडून लोखंड न्यायचं आणि आणायचं, कशासाठी, तर एका परक्या माणसाने नंबराची पाटी धरून उभं राहावं म्हणून. बायको असती तर म्हणाली असती, अहो, एवढंच होतं तर शेजाऱ्यांना सांगायचं.

"विकून टाका," मी म्हटलं. "लायसन्स नको."

"शुअर आह?"

"शुअर."

त्याने हात पुढे केला. पेटीबरोबर किल्लीही द्यावी लागणार हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ती खिशातून काढली. बायको गेल्यापासून खंडेनवमीला मी काही मांडलं नव्हतं. त्यामुळे खाचांत जे लाल होतं ते तिच्याच बोटांचं होतं. परक्या माणसाच्या हातात अशी कशी द्यायची म्हणून मी रुमाल काढला आणि पुसायला लागलो. वरचं आधीच गेलेलं होतं. खाचांतलं निघेना.

"ब्लड?" त्याने विचारलं.

"नाही. माय वाइफ," मी म्हटलं, आणि पुढे मला काही समजावता येईना.

ती गेल्याचं त्याला ठाऊक होतं. "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड," तो हलकेच म्हणाला, माझ्या बोटांतून किल्ली घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. गाडी निघून गेल्यावर वाटलं, किल्ली तेवढी मागून घ्यायला हवी होती. पेटी काय, दुसऱ्या किल्लीनेही उघडली असती.

मी बॅग ओढत परत आत आलो आणि बाहेर पडण्याच्या त्या नेहमीच्या दारासमोर गेलो. खांब मोकळा होता. मी तिथे गेलो आणि बायको टेकायची तसा टेकून उभा राहिलो. खांब चांगलाच गार होता, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. दारातून माणसं येत होती आणि माझ्या आजूबाजूचे लोक त्यांना हाका मारत होते.

"सोपवली," मी म्हणालो. बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो असेन, कारण शेजारच्या बाईने वळून बघितलं.

पुढचं वाक्य तिचं होतं. मी त्याच्यासाठी थोडा वेळ थांबलो. मग बॅग उचलली आणि बसकडे निघालो.